गेला म्हैना, हा म्हैना, येता म्हैना

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून दरवर्षी काहीतरी खाली येतं. यंदा आजोबांची पत्र्याची पेटी आली. आजोबांचं म्हापशाला कापडाचं लहानसं दुकान होतं, माल मुंबईहून यायचा. पेटीत जमाखर्चाच्या दोन वह्या, एक फुटका चष्मा आणि दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. पत्रं 1937-38 सालची, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आलेली, इंग्रजीत टाईप केलेली.

माझी मुलगी दहावीत आहे. तिने वरचं पत्र उचललं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'युवर लेटर ऑफ द ट्वेल्थ इन्स्ट. टू हँड...' इथे ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, पणजोबा इन्स्टावर होते?"

आम्ही सगळे हसलो. पण हसू ओसरल्यावर मी ते पत्र हातात घेतलं, उलटं केलं, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी दिसल्या. अक्षर आजोबांचं.

अल्ट : गेला म्हैना
इन्स्ट : हा म्हैना
प्रॉक्स : येता म्हैना

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पत्र आलं की शेजारच्या कोणाकडून तरी ते वाचून घेत. त्या वाचणाऱ्याला त्यांनी विचारलं असणार, "हें कितें?" आणि उत्तर मिळाल्यावर ते लिहून ठेवलं असणार. त्या तीन ओळी बघून मला वीस वर्षांपूर्वीची आमच्या ऑफिसातली एक नोटीस आठवली. तिच्यातल्या दोन अक्षरांचा हिशेब माझ्याकडून अजून चुकता झालेला नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी ही अक्षरं काय आहेत ते बघू.

इन्स्ट., अल्ट. आणि प्रॉक्स. ही तिन्ही लॅटिन. 'इन्स्टान्ते मेन्से' म्हणजे चालू महिन्यात, 'अल्तिमो मेन्से' म्हणजे गेल्या महिन्यात, 'प्रॉक्सिमो मेन्से' म्हणजे पुढच्या महिन्यात. इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत ही इतकी रुळली होती की महिन्याचं नाव लिहिणं जणू अडाणीपणाचं वाटावं. 'आपले 12 इन्स्ट.चे पत्र मिळाले', 'आमचे 28 अल्ट.चे बिल अद्याप येणे आहे', 'माल 5 प्रॉक्स.ला रवाना करू'. महिन्याच्या नावाची चार-सहा अक्षरं वाचली, एवढाच फायदा.

तोटा मात्र बराच. समजा पत्र 30 तारखेला लिहिलं आणि दुकानात 3 तारखेला पोचलं. लिहिणाऱ्याचा 'हा महिना' तोवर वाचणाऱ्याचा 'गेला महिना' झालेला असतो! म्हणजे पत्राच्या डोक्यावरची तारीख बघितल्याशिवाय आतली तारीख कळायची नाही. वरचा कोपरा भिजून शाई पसरली की संपलंच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही तिन्ही अक्षरं जुनाट ठरली आणि पत्रव्यवहाराची पुस्तकंच सांगू लागली की बाबांनो, सरळ महिन्याचं नाव लिहा.

यात इंग्रजांनाच हसायला नको. आपल्या जुन्या मोडी कागदांत हाच प्रकार आहे. चालू वर्षाला 'साल मजकूर' आणि गेल्या वर्षाला 'साल गुदस्त'. मजकूर म्हणजे वर उल्लेख केलेलं, गुदस्त म्हणजे सरलेलं. एक अरबी, एक फारसी. पेशव्यांच्या कारकुनाला तेही फार भारदस्त वाटत असणार. जशी इंग्रजांना लॅटिन, तशी आपल्याला फारसी. दफ्तरात बसणाऱ्या माणसाला लोकांच्या भाषेपेक्षा एक पायरी वरची भाषा लागतेच, मग तो कुठल्याही मुलखातला असो.

लॅटिन शब्द तोडून लिहिण्याची ही खोड फार जुनी. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याच्याकडे तिरो नावाचा एक गुलाम होता. सिसेरोने पुढे त्याला मुक्त केलं. भाषणं वेगाने उतरवून घेण्यासाठी खुणांची जी एक पद्धत रोममध्ये होती ती या तिरोच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे आजच्या स्टेनोंचा हा मूळपुरुष. त्या पद्धतीतली 'आणि' या अर्थाची खूण, आपल्या 7 च्या आकड्यासारखी दिसणारी, आयर्लंडमध्ये पाट्यांवर अजून वापरतात. दोन हजार वर्षं टिकलेलं कारकुनी काम!

नंतर मध्ययुगात युरोपातले ग्रंथ लिहायचे ते मठांतले साधू. कागद नव्हता, मेंढ्या-वासरांच्या कातड्यावर लिहावं लागे. एका ग्रंथाला कळपच्या कळप खर्ची पडत. तेव्हा शब्द जितका तोडता येईल तितका तोडायचा आणि वर एक खूण करायची, हा रिवाज पडला. 'क्लार्क' हा शब्दही तिथलाच. मूळ लॅटिन 'क्लेरिकुस' म्हणजे धर्मसेवक. लिहितावाचता येणारा माणूस तेवढाच, म्हणून लिहिणारा तो क्लार्क. आमच्या एल.डी.सी. पदाला एवढी पवित्र परंपरा आहे हे आमच्या खात्याला ठाऊक नसावं.

त्या साधूंच्या हाताची एक गंमत अजून आपल्या फायलीत आहे. 'व्हिझ.' असं आपण लिहितो ना, म्हणजे 'पुढीलप्रमाणे', ते मूळ 'विदेलिचेत'. त्यात 'झेड' कुठेच नाही! मग आला कुठून? शब्दाच्या शेवटचं 'एत' तोडल्याची खूण साधू 3 च्या आकड्यासारखी काढत. छापखाने आले तेव्हा तो खिळा नव्हता, म्हणून जवळचा दिसणारा झेड बसवला. तो तिथेच राहिला. आणि आपण 'ॲण्ड'साठी जी वळणदार खूण काढतो ती म्हणजे 'एत' या लॅटिन शब्दातली दोन अक्षरं एकमेकांत गुंतलेली.

बाकीची रोजची मंडळी तुम्हाला माहीत आहेतच. 'एन. बी.' म्हणजे 'नोता बेने', नीट लक्षात घ्या. आपलं वि. सू. 'पी. एस.' म्हणजे 'पोस्त स्क्रिप्तुम', लिहून झाल्यानंतरचं. आपलं ता. क., ताजा कलम. (कलम हा शब्दही कसा फिरलाय बघा. ग्रीकमध्ये 'कालामोस', लॅटिनमध्ये 'कालामुस', अरबीत 'कलम', आणि तिथून आपल्या ताज्या कलमात!) 'एटसेट्रा' म्हणजे 'आणि इतर'. म्हणून 'ॲण्ड एटसेट्रा' लिहिलं की 'आणि आणि इतर' होतं. यावर इंग्रजीचे मास्तर फार रागावतात. पण आपला 'वगैरे' अरबीतून आला तोही अगदी तसाच बांधलेला आहे. 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे इतर. तेव्हा 'आणि वगैरे' म्हणणाऱ्यालाही तोच दंड. ईमेलला उत्तर देताना आपोआप जे 'री' उमटतं ते 'रिप्लाय'चं नाही, लॅटिनमधल्या 'च्या बाबतीत'चं. म्हणजे आपल्या अर्जावरचं 'विषय :'. सगळं जग दिवसातून शंभरदा लॅटिन पाठवतं आणि कोणाला पत्ता नाही.

लॅटिन ही आम्हा गोवेकरांना तशी परकी नाही. चर्चमध्ये ती 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत पूजेची भाषा होती. वाटेवरच्या खुरसावर 'आय-एन-आर-आय' ही चार अक्षरं आपण लहानपणापासून बघतो. तीही तोडलेलीच. 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूच्या दर्शनी भिंतीवर 'आय-एच-एस' आहे, येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं. आणि साडेचारशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांची पोर्तुगीज म्हणजे लॅटिनची लेकच.

पण आई आणि लेक एकच अक्षर लिहून वेगळं बोलतात तेव्हा कारकुनाची पंचाईत होते. 'पी. पी.' घ्या. इंग्रजी पत्राखाली सहीच्या आधी हे असेल तर 'पेर प्रोकुरात्सियोनेम', म्हणजे दुसऱ्याच्या वतीने अधिकाराने केलेली सही. आपल्याकडच्या देवस्थान समितीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्याबरोबर मुखत्यार असतो ना, तोच पोर्तुगीजांचा 'प्रोकुरादोर' आणि त्याच्या नावाचा कागद म्हणजे 'प्रोकुरासांव'. हे ठीक. पण पोर्तुगीज पत्रात तारखेनंतर 'पी. पी.' आलं तर त्याचा अर्थ 'प्रॉसिमु पासादु', नुकताच गेलेला महिना! म्हणजे इंग्रजांचा अल्ट. आजोबांच्या काळी म्हापशाच्या व्यापाऱ्याला मुंबईचं पत्र एका पद्धतीने वाचावं लागे आणि पणजीच्या कचेरीचं दुसऱ्या. तीच दोन अक्षरं, एकीकडे सही, एकीकडे तारीख.

हे मला शिकवलं ते आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. त्यांचं 'सेगुंद ग्राव' पोर्तुगीजमधून झालं होतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे. त्यानंतर बाकीचं शिक्षण आणि सगळी नोकरी इंग्रजीत. मी 2004 साली बी.ए.चा कागद घेऊन खात्यात चिकटलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. जुनी पोर्तुगीज फाईल आली की सगळी मजल्या-मजल्यावरून त्यांच्याकडे येत. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सर्व सरकारी कामांसाठी वापराची मुभा मिळाली, पण फाईल चालते ती इंग्रजीवरच. त्या इंग्रजीत 'व्हाईड', 'ॲड-हॉक', 'एक्स-ग्रेशिया', 'प्रो-राटा' हे मिठासारखं टाकलेलं. ॲड-हॉक म्हणजे 'एवढ्यापुरतं'. त्या एवढ्यापुरत्या पदावर आमच्यातल्या काहींची अर्धी नोकरी गेली. 'बोनाफाईड' तर आता खेड्यातल्या आजीलाही ठाऊक आहे. नातवाला शाळेतून आणायचा असतो तो कागद. 'सद्भावनेने' हा त्याचा मूळ अर्थ किती सुंदर आहे!

नव्या नोकरीत मला ही लॅटिन मिठाची चव फार आवडली. दर नोटमध्ये दोन-तीन चिमटी टाकल्याशिवाय मला चैन पडत नसे.

आता ती नोटीस.

एका अर्थसाहाय्य योजनेसाठी अर्ज मागवायचे होते. भाईंनी हाताने मसुदा लिहून दिला, मी टाईप केला. मसुद्यात रहिवासाच्या पुराव्याबद्दल एक ओळ होती. 'रहिवासाचा पुरावा' असं लिहून पुढे 'ई. जी.' आणि त्यापुढे रेशनकार्ड, वीजबिल अशी दोन नावं. टाईप करताना मी 'ई. जी.'चं 'आय. ई.' केलं. घाईत बोट चुकलं असं नाही. मी थांबलो होतो, विचार केला होता. मला वाटत होतं दोन्हींचा अर्थ एकच, 'म्हणजे वगैरे' असं काहीतरी. त्यातल्या त्यात 'आय. ई.' जास्त सरकारी दिसतं. म्हणून बदललं. सही झाली, नोटीस फलकावर लागली, पंचायतींना गेली.

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. 'ई. जी.' म्हणजे 'एक्सेम्प्ली ग्रातिया', उदाहरणादाखल. 'आय. ई.' म्हणजे 'इद एस्त', म्हणजेच. पहिलं दार उघडं ठेवतं, रेशनकार्ड चालेल, वीजबिल चालेल, तसलं दुसरंही काही चालेल. दुसरं दार लावून घेतं, हे दोनच, तिसरं नाही. मराठीत 'उदाहरणार्थ'च्या जागी 'म्हणजेच' तिसरीतला मुलगा लिहिणार नाही. मी बी.ए. झालेला माणूस लिहून बसलो, कारण ते शब्द नव्हतेच माझ्यासाठी. ते दागिने होते.

एक म्हातारी आली. सत्तरीतल्या एका आतल्या गावातली, कदंब बस बदलून आलेली. ती मुंडकार. घर तिचं, पण वीजमीटर भाटकाराच्या नावावर. रेशनकार्ड थोरल्या मुलाकडे, तो दुसऱ्या गावात वेगळा राहतो, त्या कार्डावर हिचं नाव नाही. तिच्याजवळ घरपट्टीच्या पावत्या होत्या, नवऱ्याच्या काळापासूनच्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या. आणि पंचायतीचा रहिवासी दाखला. खिडकीवरच्या माझ्या सहकाऱ्याने नोटीस दाखवली आणि सांगितलं, रेशनकार्ड नाहीतर वीजबिल. ती गेली. आठवड्याने मुलाचं कार्ड घेऊन आली. यावर तुमचं नाव कुठाय? पुन्हा गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा सहकारी रजेवर होता आणि खिडकीवर मी होतो. या वेळी तिने पंचाकडून एक चिठ्ठी आणली होती. मी चिठ्ठी वाचली, पावत्या बघितल्या. आणि म्हटलं, "माये, हातूंत दोनूच कागद बरयल्यात. हांव कितें करूं?"

माझंच वाक्य मी तिला नियम म्हणून वाचून दाखवत होतो.

भाईंचं टेबल मागेच होतं. ते उठून आले, नोटीस मागितली, चष्मा वर करून वाचली आणि काही न बोलता कपाटातून फाईल काढली. स्वतःचा मसुदा आणि टाईप केलेला कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मला हळूच म्हणाले, "अरे, हांवें 'पुर इझेंप्लु' बरयल्लें. तुवें 'इश्तु ए' केलां." पोर्तुगीजमध्ये 'इश्तु ए'ची आद्याक्षरं योगायोगाने तीच, आय आणि ई. अर्थही तोच, हे असं आहे. त्यामुळे पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या माणसाला ही चूक होणं शक्य नव्हतं. ते रागावले नाहीत. म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज घेतला, पोच दिली.

पण शेवटची तारीख दोन दिवसांपूर्वी गेली होती.

दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं. म्हातारीच्या अर्जासाठी उशीर माफ करण्याचा प्रस्ताव भाईंनी स्वतः लिहिला. तो वर गेला, शंका घेऊन खाली आला, उत्तर घेऊन परत वर गेला. मंजुरीला सात महिने लागले. पैसे सुरू झाले ते मंजुरीच्या तारखेपासून. मागचे सात महिने कोणाच्याच नियमात बसले नाहीत. सात महिन्यांची ती रक्कम माझ्या पगाराच्या मानाने काहीच नव्हती. तिच्या मानाने काय होती ते मी कधी मोजलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही हे जास्त खरं.

त्या प्रस्तावात चुकीबद्दल भाईंनी लिहिलं होतं, 'अनवधानाने'. माझी नोकरी तेव्हा अजून पक्की झाली नव्हती. तो शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला. मी तो टाईप केला. अनवधान नव्हतं, मी निवडून केलं होतं, हे त्यांना मी सांगितलं नाही. त्यांना कळलं नसेल असं मात्र वाटत नाही.

पैसे सुरू झाल्यावर म्हातारी पुन्हा आली. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्यासमोर ठेवलं. घरच्या भिरंडांची सोलां, उन्हात वाळवलेली. म्हणाली, "तुजे लागून म्हजें काम जालें, पुता." मी घेत नव्हतो. भाई मागून म्हणाले, घे. मी घेतलं.

तिला खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? इंग्रजी कागदात लॅटिनची दोन अक्षरं चुकली म्हणून तुझे सात महिने गेले? 'म्हळ्यार कितें?' असं तिने विचारलं असतं. आणि तेव्हा मला ते सोप्या कोकणीत सांगावं लागलं असतं, एक म्हणजे 'देखीक', दुसरं म्हणजे 'म्हळ्यार', आणि ते सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं असतं की एवढंच होतं तर मी पहिल्यांदाच तसं का लिहिलं नाही. भाई 2007 ला निवृत्त झाले. आता ते नाहीत. म्हातारीही नसेल.

ब्रिटनच्या सरकारने 2016 साली ठरवलं की आपल्या संकेतस्थळावरून 'ई. जी.', 'आय. ई.' आणि 'एटसेट्रा' हळूहळू काढून टाकायचे. कारणं दोन. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असे लोक तिथे अडखळतात. आणि अंध लोकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी यंत्रं 'ई. जी.'चा उच्चार 'एग' करतात, म्हणजे अंडं! त्याच्याही आधी, 1999 मध्ये, इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांच्या नव्या नियमांनी बरेच लॅटिन शब्द काढून साधे इंग्रजी शब्द आणले. ज्यांच्याकडून आपण हे घेतलं त्यांनी ते खाली ठेवलं. आपण मात्र अजून मिरवतोय.

लॅटिनवर माझा राग नाही हो. कातडं महाग होतं तेव्हा अक्षरं वाचवणं शहाणपणाचं होतं. आपले सा. न. वि. वि. आणि रा. रा. त्याच कुळातले, आणि ते वाचताना मला माझ्या माणसांचा आवाज ऐकू येतो. प्रश्न एवढाच की लिहिणाऱ्याची जी शाई वाचते तिचा खर्च कोणाच्या नावे पडतो. माझ्या बाबतीत तो तीन वेळच्या बसभाड्याच्या आणि सात महिन्यांच्या रूपाने एका म्हातारीच्या नावे पडला. आणि शाई? 'आय. ई.' काय, 'ई. जी.' काय, दोन्हीला तेवढीच लागते. 'उदाहरणार्थ' लिहायला मला फार तर दोन सेकंद जास्त लागली असती.

शुद्धिपत्रकाला इंग्रजीत आपण 'कॉरिजेण्डम' म्हणतो. भाईंनीच त्या दिवशी समजावलं होतं. लॅटिनमध्ये अशा शब्दांत एक सक्ती असते. 'मेमोरॅण्डम' म्हणजे जे लक्षात ठेवलंच पाहिजे ते. 'अजेण्डा' म्हणजे जी केलीच पाहिजेत ती कामं. आणि 'कॉरिजेण्डम' म्हणजे जे दुरुस्त केलंच पाहिजे ते. मला पूर्णपणे समजलेला लॅटिन शब्द एवढाच. त्यात कुठे असं म्हटलेलं नाही की ते दुरुस्त होतं.

असो. मुलीने विचारलं, "पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं, मग त्यांना हे कळलं कसं?" म्हटलं, विचारलं असेल कोणाला तरी. ती म्हणाली, "लाज नाही वाटली?" मी काही बोललो नाही. म्हापशाच्या बाजारात कापड मोजणाऱ्या माणसाला वाटली नाही. भाईंचं टेबल माझ्यापासून चार हातांवर होतं, आणि मला वाटली.

ते पत्र मी ऑफिसात नेलं. माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलंय, उलटं, पेन्सिलीची बाजू वर करून. हल्ली नवी मुलं नोटीस टाईप करून आणतात. मी लाल पेन घेऊन आधी ती दोन अक्षरं शोधतो, खोडतो आणि 'फॉर एक्झाम्पल' असं पूर्ण लिहितो. शेवटी 'किंवा यासारखा अन्य कागद' हे शब्द घालतो. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, आय. ई. आणि ई. जी. एकच ना?" तिला मी खुर्ची दिली, बस म्हटलं, आणि सगळं सांगितलं. म्हातारीचं सोडून. तेवढं आज इथे लिहिलं.